नऊ तारा, लाल शिक्का

३ मार्च, मंगळवार

सर्जनबाई म्हणाल्या, मनात येतील ते प्रश्न लिहून ठेवत जा, आयत्या वेळी आठवत नाहीत. म्हणून ही वही. कार्यालयातली कोरी नोंदवही आहे. डावीकडे 'दोष' आणि उजवीकडे 'निकाल' असे रकाने छापलेत. मी त्यांच्यावरूनच आडवी लिहिते आहे.

दोष असा: डाव्या स्तनात गाठ, अकरा मिलिमीटर. कॅन्सर आहे, पण अगदी सुरुवातीचा. काखेत पसरल्याची खूण नाही. वर्षाच्या ठरलेल्या तपासणीत सापडली. मी लिफ्ट तपासनीस. कुणाची तपासणी एक दिवस उशिरा झाली तरी नोटीस काढते, तेव्हा स्वतःची कशी चुकवणार.

निकाल माझ्यावर सोपवलाय. बाईंनी कागदावर तीन गोल काढले. पहिला: गाठ आणि तिच्या भोवतालचं थोडंसं काढायचं, मग काही आठवडे किरणांचा उपचार, पुढे पाच वर्षं गोळी. दुसरा: पूर्ण स्तन काढायचा. तिसरा: खबरदारी म्हणून दोन्ही. "जगण्याच्या दृष्टीने तुमच्या बाबतीत पहिल्यात आणि दुसऱ्यात फरक नाही," त्या म्हणाल्या. "केमो लागेल का, ते काढलेली गाठ तपासल्यावर कळेल. दोन-तीन आठवडे घ्या. तेवढ्याने काही बिघडत नाही."

मी विचारलं, इथल्या लिफ्टचं दार बंद व्हायला इतका वेळ का घेतं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात दार उघडून जिनेपंत आले. जिनेपंत म्हणजे माझा नवरा. चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. लहानपणी कुठल्याशा इमारतीत तीन तास अडकले होते, तेव्हापासून लिफ्टमध्ये पाऊल नाही. लिफ्ट तपासणाऱ्या बाईने असा नवरा करावा, यावर आमच्या लग्नात सुरू झालेले विनोद अजून संपले नाहीत. सर्जनबाईंची खोली नवव्या मजल्यावर. हे पोचेपर्यंत सगळं सांगून झालं होतं. धापा टाकत विचारत राहिले, "काय म्हणाल्या? अगं, काय म्हणाल्या?" मी कागद पुढे केला.

वाटलं काही नाही. परत येताना भाजी घेतली.

५ मार्च, गुरुवार

ताईला कळवलं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी आणि बोलायला लागली की सत्तर वर्षांनी मोठी.

"दोन्ही काढून टाक. विषाची परीक्षा कशाला बघायची? आईचं विसरलीस?"

विसरले नाही. आईचं कळलं तेव्हा ती सत्तरीची होती आणि फार उशीर झाला होता. तिचं दुखणं ताईने काढलं. मी नोकरीपायी लांब होते. ताई बोलत होती तोवर मी फोन खांद्याला दाबून सगळी भांडी पुसली. नंतर बघितलं तर ती आधीच कोरडी होती.

आज तीन लिफ्ट. दोन बंद केल्या.

७ मार्च, शनिवार

दोर तपासायची आमची रीत अशी. लिफ्ट अगदी हळू चालवायची आणि सरकत्या दोराला सुती फडकं हलकंच लावून धरायचं. तार तुटलेली असली की ती फडक्याचा धागा ओढते. एका पिळाच्या लांबीत किती तुटल्या ते मोजायचं. मर्यादेच्या आत असतील तर आकडा लिहायचा आणि पुढची तारीख जवळची द्यायची. बाहेर असतील तर कार्डावर लाल शिक्का, लिफ्ट बंद. सव्वीस वर्षं झाली. आता फडकं नावालाच. लिफ्ट थांबवून हात फिरवला तरी केसाएवढी तार कळते.

आज अंघोळीच्या वेळी पाऊण तास शोधत होते. गाठ हाताला लागली नाही. बाईंनी सांगितलं होतं की लागणार नाही, फार आत आहे. तरी राग आला. गाठीचा नाही, बोटांचा. गाढवांनो, इतकी वर्षं कशाचा पगार खाल्लात?

बाहेरून जिनेपंतांनी दोनदा दार वाजवलं. "पाणी वाहतंय का नुसतंच?" म्हणाले. मी म्हटलं, वाहतंय.

दुपारी जादा कामावर गेले. एक लिफ्ट, बंद.

१० मार्च, मंगळवार

शेजारच्या बाईंनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "चार दिवस झाले, संध्याकाळी सातला लिफ्ट तळमजला-पहिला, तळमजला-पहिला अशी वेड्यासारखी करते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तपासनीस बाई चौथ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टला भूत!"

सकाळीच वर जाऊन लिफ्टची पेटी उघडली. बटणं, तारा, सगळं शाबूत. पोरं खेळत असतील.

जिनेपंत हल्ली अर्धा तास उशिरा येतात. चेहरा पांढरा, शर्ट पाठीला चिकटलेला, हात गार. जेवतात, माझ्याकडे बघतात, आणि मी बघितलं की ताटात बघतात. त्यांना या घरात यावंसं वाटत नसणार. खाली बाकावर बसून वेळ काढत असतील. मला त्यात काही चूक दिसत नाही. मी तरी कुठे आहे घरात.

१२ मार्च, गुरुवार

आईचं होतं म्हणून रक्ताची एक चाचणी केली होती, दोष वंशातून आलाय का ते बघायला. आला नाही. सर्जनबाई खूश दिसल्या. मी सांगितलं, दोन्ही काढा.

"का?"

"धोका नको."

"किती धोका नको?"

"कितीही."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "शून्य तर दोन्ही काढूनही होत नाही. ऑपरेशन मोठं होतं. खांदे पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि तुमचं काम हात वर करून करायचं. तरी शरीर तुमचं आहे. दोन्ही काढा म्हणणाऱ्या असतात, आणि विचार करून म्हणणाऱ्यांना मी कधी अडवत नाही. पण तुम्ही अजून मला एकही प्रश्न विचारलेला नाही. लिफ्टचा सोडून."

मी वही दाखवली नाही. तीत एकही प्रश्न नव्हता.

२६ तारीख धरून ठेवली आहे. काय काढायचं ते २० पर्यंत नक्की सांगायचं. जिनेपंत आज आले नव्हते, दुकानात गर्दी आहे म्हणाले. यायचं म्हणजे नऊ मजले. त्यांचंही पन्नाशीच्या पुढे वय.

१३ मार्च, शुक्रवार

तीन लिफ्ट. तिन्ही बंद. बरं वाटलं. बंद लिफ्ट पडत नाही.

१४ मार्च, शनिवार

काही नाही. झोपले, उठले, परत झोपले.

१७ मार्च, मंगळवार

मोठ्या साहेबांनी खोलीत बोलावलं. मोठे म्हणजे हुद्द्याने. हाताखाली माझ्याच शिकलेत. टेबलावर माझी कार्डं मांडून ठेवली होती, सोमवारची एक धरून सात.

"दोन आठवड्यांत सात बंद," ते म्हणाले. "गेल्या अख्ख्या वर्षात तुम्ही आठ केल्या होत्या. तक्रारी आल्या म्हणून मी काल आणि आज स्वतः वर चढलो. दोन बरोबर आहेत. पाच ठणठणीत आहेत, बाई."

मी म्हटलं, माझी मोजणी चुकत नाही.

"मोजणी कुठे चुकलीय? हे बघा." त्यांनी एक कार्ड माझ्याकडे फिरवलं. माझं अक्षर. तुटलेल्या तारा: नऊ. मर्यादा त्याच्या दुपटीहून जास्त, तीही मीच शेजारी लिहिलेली. आणि खाली लाल शिक्का, नीट चौकोनात मारलेला. "आकडे सगळे बरोबर, निकाल चूक. अशी चूक मी आजवर बघितली नाही. नवशिक्यांची उलटी असते."

"सावधपणाची चूक ही चूक नसते," मी म्हणाले. आवाज चढला असावा, कारण बाहेरची टाइप करणारी बाई थांबली.

"चोर सोडून संन्याशाला सुळी देणं म्हणजे सावधपणा का?" साहेब हळूच म्हणाले. "लिफ्ट बंद करणं फुकट नसतं, वर माणसं राहतात. हे मला कोणी शिकवलं?"

घरचं काही आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. शेवटी असं ठरलं की पाचही ठिकाणी मीच जायचं, परत तपासायचं आणि माझ्याच सहीने चालू करायच्या.

शिक्के मारताना मला काय वाटत होतं ते आठवून बघितलं. काही आठवत नाही. शाई कमी झाली होती एवढं आठवतं.

१८ मार्च, बुधवार

नऊ तारांची इमारत. बंद केली होती पाच तारखेला. यंत्रखोली आठव्या मजल्याच्या वर, म्हणून जिना चढले. सहाव्यावर थांबून दम खाल्ला आणि जिनेपंतांची आठवण झाली.

आठव्यावर एक आजोबा दार उघडं टाकून खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, बूट घातलेले, मांडीवर कापडी पिशवी. रोज असे तयार होऊन बसतात, हे नंतर कळलं.

"खालच्या लाल कागदावर सही तुमची का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं झालं भेटलात. मला विचारायचंच होतं, किती वाईट होता हो दोर? माझी बायको दोन रस्ते पलीकडच्या शुश्रूषागृहात असते. मला ओळखत नाही, पण दुपारचा घास माझ्याच हातून घेते. तेरा दिवस जाता आलं नाही. गुडघे उतरू देतात, चढू देत नाहीत. तिथली मुलगी फोनवर सांगते, थोडं थोडं खातात म्हणून. खोटं बोलते, आवाजावरून कळतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यावर राग नाही हं. दोर तुटला असता तर तेरा दिवसांचं काय घेऊन बसलात. वाईटच असणार."

"वाईट नव्हता," मी म्हणाले.

"मग?"

वर गेले. फडकं लावून शांतपणे मोजलं. नऊच. पुढची तपासणी तीन महिन्यांनी, असं लिहून सही केली. मग आजोबांना घेऊन त्याच लिफ्टने खाली आले. त्यांनी दांडा घट्ट धरला होता.

"आता परत पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागणार," ते म्हणाले. "तशी रोजच देतो म्हणा."

फाटकातून बाहेर पडून ते किती भराभर चालत गेले.

१९ मार्च, गुरुवार

मला भीती वाटते. हे लिहायला सोळा दिवस लागले.

मरणाची वाटते. आईसारखं पडून राहण्याची त्याहून जास्त वाटते. ताईने पाठ पुसून द्यायची आणि मी भिंतीकडे बघायचं. माझ्या अंगात माझ्याच बोटांना न कळणारं काहीतरी आहे, याची सगळ्यात जास्त वाटते.

त्या भीतीने मी एका म्हाताऱ्या बाईला तेरा दिवस उपाशी ठेवलं आणि मला पत्ताही नव्हता. दोन्ही काढा म्हणाले तेही असंच म्हणाले असेन का? की ते खरंच मला हवंय? माहीत नाही. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, पण आधी सुकं किती आणि ओलं किती हे तरी बघावं. मी माझं कार्ड वाचलंच नाही, सरळ शिक्का उचलला.

आज रात्रीच्या आत प्रश्न लिहायचे. खाली लिहिले. चौदा झाले.

२० मार्च, शुक्रवार

चौदाही विचारले. सर्जनबाईंनी पुढच्या पेशंटला चहा पाजून बसवलं.

परत आली तर? तुमच्यासारख्या शंभरजणींत फार थोड्यांना येते. लक्ष ठेवलं तर लवकर सापडते, तेव्हा पूर्ण काढता येतं. गाठीच्या कडेला काही राहिलं तर? पुन्हा थोडं काढू, तेही होऊ शकतं, आधीच सांगून ठेवते. दोन्ही काढून माझं आयुष्य वाढेल का? तुमच्या बाबतीत तसं मला दिसत नाही. मग बायका का काढतात? काहींचा दोष वंशातला असतो. काहींना दर तपासणीची धास्ती सोसत नाही. तेही कारण खरंच आहे. तुम्हाला सोसेल का?

यावर मला हसू आलं. दर तीन महिन्यांनी परत या, हे लोकांना सांगण्यातच माझा जन्म गेलाय.

पहिला गोल. मी कागदावर बोट ठेवलं. तिथून हलवलं नाही.

२२ मार्च, रविवार

ताई आली आणि चपला काढायच्या आधी सुरू झाली. "एवढंसं काढणार? नखाएवढं? आणि बाकीचं राहू देणार? हट्टीपणा करायची ही वेळ आहे का?"

मी सर्जनबाईंचा कागद समोर ठेवला, आकडे दाखवले. ती बघेना. "आईचंही असंच, थोडं बघू, थोडं थांबू..."

"ताई, आईची गाठ कोणी मोजलीच नव्हती. कळली तेव्हा मोजण्यापलीकडे गेली होती. तू होतीस तिथे. तू एकटीच होतीस."

ती एकदम खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिला रडताना आईच्या वेळीही बघितलं नव्हतं. मी तेव्हा तिथे नव्हतेच. पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं नाही. यायला हवं होतं.

जाताना म्हणाली, "मग दर तपासणीला मी बरोबर येणार. एक चुकवलीस तर कानाखाली वाजवीन."

२४ मार्च, मंगळवार

शेजारच्या बाई म्हणतात, भूत आता तिसऱ्या मजल्यापर्यंत जायला लागलंय. आपल्याच इमारतीला लाल शिक्का मारावा असं क्षणभर मनात आलं. पण पेटीत खरंच काही नाही. राहू दिलं.

जिनेपंत आज साडेआठला आले. घाम दरदरून, पण धाप म्हणून नाही. मी विचारलंच. "अहो, घरी यायला नको वाटतं का तुम्हाला?"

"काय बोलतेस!"

"मग कुठे असता?"

"दुकानात काम असतं." मग विचारलं, "ऑपरेशनची खोली कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्या. वॉर्ड नवव्यावर. वरून खाली नेतात."

"नेताना बरोबर कोणी चालतं का?"

"लिफ्टने नेतात. ताई येईल."

त्यांनी मान डोलावली आणि माझं ताट उचलून नेलं. अजून मी जेवत होते.

२८ मार्च, शनिवार

घरी आले. डावा हात जपून ठेवायचा आहे, उजव्याने लिहिते. गाठीचा अहवाल दहा दिवसांनी. कडा स्वच्छ आल्या का, केमो लागेल का, सगळं तेव्हा.

सव्वीसची सकाळ लिहून ठेवायची आहे. स्ट्रेचरवर आडवं केलं आणि लिफ्टपाशी आणलं. ताई सह्या करायला खिडकीपाशी अडकली होती. जिनेपंत माझा पाय पांघरुणावरून धरून चालत होते. लिफ्टचं दार उघडलं. मी म्हटलं, "या तुम्ही जिन्याने, खाली भेटू." नर्सने स्ट्रेचर आत ढकलला. आणि ते आत आले.

दार बंद झालं. किती सावकाश होतं ते दार. त्यांनी डोळे मिटले होते, ओठ पांढरे. पुटपुटत होते, "तळमजला ते पहिला नऊ सेकंद, तळमजला ते दुसरा चौदा, तळमजला ते तिसरा एकोणीस." हे आमच्या इमारतीतल्या लिफ्टचे आकडे. मी ते ऐकले आणि भूत कोण होतं ते मला कळलं. सव्वीस वर्षं लिफ्ट तपासणाऱ्या बाईला. तीन आठवडे रोज संध्याकाळी माणूस एकेक मजला शिकत होता, आणि मी पेटी उघडून बटणं बघत होते.

तेव्हा रडू आलं. झोपून रडलं की पाणी कानात जातं. नर्स म्हणाली, दुखतंय का? मी म्हटलं, नाही, बरं वाटतंय.

बटणांच्या वर तपासणीचं कार्ड होतं. आडवी असले तरी नजर जायची तिथे गेलीच. मुदत अकरा दिवसांपूर्वी संपलेली. दुसऱ्या कोणाच्या हद्दीतली लिफ्ट. मी कान दिला. ब्रेक नीट सुटत होता, दोर न कुरकुरता चालत होते, मजल्यांवर कुठे गचका नव्हता.

जिनेपंतांनी एक डोळा उघडला. माझा पाय अजून सोडला नव्हता. "अगं," ते म्हणाले, "ही ठीक आहे ना?"

"ठणठणीत आहे," मी म्हणाले. "धरून ठेवा."

कार्डाचं कळवायचं आहे, सोमवारी.